शब्द क्रमांक 2793: ‘धोक्यात असणे’ या एका ग्रीक क्रियापदावर पारखलेले कोश आणि बायबल-साधने

नव्या कराराच्या ग्रीक मजकुरात ‘धोक्यात असणे’ या अर्थाचे एक क्रियापद आहे: किन्दुनेउओ. ते फक्त 4 वेळा येते. लूक 8:23, प्रेषितांची कृत्ये 19:27, त्याच अध्यायातले 40 वे वचन आणि करिंथकरांस पहिले पत्र 15:30. त्याचे नाम किन्दुनोस, म्हणजे धोका. ते 9 वेळा येते आणि त्यातले 8 एकट्या करिंथकरांस दुसरे पत्र 11:26 मध्ये आहेत. उरलेले एक रोमकरांस पत्र 8:35 मध्ये. कोश पारखायला असा आटोपशीर शब्द फार सोयीचा. ‘प्रीती’ किंवा ‘विश्वास’ यांसारख्या शब्दांच्या शेकडो जागा ताडून बघणे कुणालाच जमत नाही. चार जागा मात्र हातात मूळ मजकूर धरून सहज तपासता येतात, आणि कोणत्या कोशाने काय दिले, काय गाळले, ते लख्ख दिसते.

उपदेशाची तयारी करणारे, बायबल-अभ्यासवर्ग घेणारे आणि मराठी भाषांतराची पडताळणी करणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहिले आहे. ग्रीक येत नसले तरी चालेल. पण कोशातला इंग्रजी प्रतिशब्द उचलून तोच ‘मूळ अर्थ’ म्हणून सांगायची सवय असेल, तर ती आधी सोडावी लागेल.

कसोटी काय, ते आधी. या क्रियापदाचा अर्थ त्याच्या पोटात कमी आणि त्याच्या पुढे काय येते त्यात जास्त आहे. चारही वचने शेजारी मांडली की दोन रचना दिसतात. लूक 8:23 मध्ये पुढे काहीच नाही: सरोवरावर वादळ उतरले, पाणी भरत होते, ‘आणि ते धोक्यात होते’. पहिल्या करिंथकरांत पुढे फक्त काळ आहे: ‘आम्हीही घटकोघटकी धोक्यात का असतो?’ प्रेषितांच्या कृत्यांतल्या दोन्ही ठिकाणी मात्र क्रियापदापुढे दुसऱ्या क्रियेचे धातुरूप (‘होणे’, ‘येणे’ यांसारखे रूप) येते आणि धोका कशाचा ते सांगते. वचन 27 मध्ये धंद्याची नाचक्की होण्याचा धोका, वचन 40 मध्ये दंगलीचा आरोप येण्याचा धोका. पहिल्या दोन ठिकाणी माणसे धोक्यात आहेत. दुसऱ्या दोन ठिकाणी काहीतरी ‘घडू पाहते आहे’. जो कोश हा फरक दाखवतो तो कामाचा. जो दाखवत नाही तो फक्त शब्दांची अदलाबदल करून देतो.

सुरुवात सगळ्यांच्या हाताशी असलेल्या स्ट्राँगपासून. जेम्स स्ट्राँग यांची शब्दसूची 1890 मध्ये आली. किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरातला प्रत्येक शब्द कुठे येतो आणि त्याच्या मागे कोणता ग्रीक किंवा हिब्रू शब्द आहे, हे क्रमांकाने सांगणे हे तिचे काम. किन्दुनेउओला 2793 आणि किन्दुनोसला 2794 क्रमांक मिळाला, तो केवळ ग्रीक वर्णक्रमाने. क्रमांकाला स्वतःचा काही अर्थ नाही. रेल्वेच्या क्लोकरूममधल्या बिल्ल्यासारखा तो आहे: सामान कुठे ठेवलेय ते कळते, सामानात काय आहे ते नाही. क्रमांकाचे खरे मोल असे की त्याच्या आधाराने इतर कोणत्याही साधनात थेट त्या शब्दापाशी पोहोचता येते. तेवढ्यासाठी स्ट्राँगला तोड नाही.

मागच्या बाजूला जी छोटी व्याख्या असते ती मात्र ‘धोका सोसणे, धोक्यातून जाणे’ एवढ्यावर थांबते आणि पुढे किंग जेम्समधले प्रतिशब्द देते. धातुरूपासह येणारी रचना वेगळी आहे याचा मागमूस नाही. शिवाय ‘सोसणे’ म्हटले की आपत्ती कोसळलीच असे वाटते. प्रेषितांच्या कृत्यांच्या 19 व्या अध्यायातल्या इफिस शहराच्या दंगलीत आरोप अजून आलेला नाही, फक्त येऊ घातला आहे. नामाच्या व्युत्पत्तीपुढे स्ट्राँगने ‘अनिश्चित’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या शब्दाच्या मुळातून कुणी नाट्यमय चित्र उभे करत असेल, तर त्याला कोशाचा आधार नाही.

स्ट्राँगची एक मोठी अडचण ‘धोका’ या विषयाच्या शेजारच्याच शब्दात उघडी पडते. फिलिप्पैकरांस पत्र 2:30 मध्ये पौलाचा सहकारी एपफ्रदीत याने स्वतःच्या जिवाची पर्वा केली नाही असे म्हटले आहे. जुन्या छापील ग्रीक पाठात, ज्यावर किंग जेम्स आधारलेले आहे, तिथे पाराबूलेउओमाय असे क्रियापद आहे. स्ट्राँगने त्याला 3851 क्रमांक देऊन ‘चुकीचा विचार करणे, दुर्लक्ष करणे’ असा अर्थ लावला. जुन्या हस्तलिखितांवरून तयार झालेल्या आजच्या चिकित्सित पाठात तिथे पाराबोलेउओमाय आहे. एका स्वराचा फरक, पण अर्थ थेट ‘जिवाची बाजी लावणे’ असा होतो. स्ट्राँगचा क्रमांक मात्र जुन्या रूपालाच चिकटलेला राहतो. कारण साधे आहे: सूची ज्या पाठावर बांधली त्या पाठापलीकडे ती पाहू शकत नाही. छापील प्रत वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. ग्रीक क्रमांक 5624 पर्यंत जातात, पण 2717 आणि 3203 ते 3302 हे क्रमांक रिकामे आहेत. तिथे शब्द सापडला नाही म्हणजे पान फाटलेले नाही.

इंग्रजी शब्दावरून उलटा शोध घेणे ही स्ट्राँगची दुसरी मोठी सोय, आणि सर्वांत जास्त घसरगुंडी इथेच होते. किंग जेम्समध्ये ‘डेंजर’ शोधले की मत्तय 5:21 आणि 22 ही वचने आधी समोर येतात: भावावर रागावणारा न्यायसभेच्या ‘धोक्यात’. मार्क 3:29 ही तसेच. या तिन्ही वचनांत ग्रीक शब्द एनोखोस आहे, क्रमांक 1777, आणि त्याचा अर्थ ‘दोषी, दंडास पात्र’. मराठीत तिथे ‘पात्र’ हाच शब्द शोभतो. ‘धोका’ म्हटले तर डोंगरावरच्या प्रवचनातली न्यायालयाची भाषा पुसली जाते. प्रेषितांची कृत्ये 27:9 मध्ये पौलाचे जहाज ज्या ‘धोक्याच्या’ हंगामात सापडले, तिथला शब्द पुन्हा तिसराच: एपिस्फालेस, क्रमांक 2000, म्हणजे घसरण्याजोगे, बेभरवशाचे. एक इंग्रजी शब्द, तीन वेगळे ग्रीक शब्द. म्हणून नियम असा ठेवावा की इंग्रजीवरून शोध घेतला तरी प्रत्येक वचनापुढचा क्रमांक वाचल्याशिवाय ते वचन यादीत घ्यायचे नाही.

ब्लू लेटर बायबल ही संकेतस्थळावरची मोफत सेवा 1996 पासून चालू आहे आणि बहुतेकांची ग्रीकशी पहिली भेट तिथेच होते. रीत सोपी. लूक 8:23 उघडायचे, वचनाशेजारच्या साधनांच्या बटणावर टिचकी मारायची, ओळींमधल्या शब्दार्थांचा तक्ता उघडायचा आणि 2793 वर जायचे. त्या पानावर उच्चाराचा आवाज, किंग जेम्समध्ये शब्द कसा कितीदा भाषांतरित झाला त्याचा आकडा, स्ट्राँगची व्याख्या आणि थेयरचा कोश असे सगळे एकाखाली एक मिळते. फोनवरही नीट चालते.

दोष मांडणीत आहे. सगळ्यांत वर ठळक दिसतो तो भाषांतराचा आकडा, आणि वाचक तिथेच थांबतो. तो आकडा ग्रीक शब्दाचे अर्थ मोजत नाही. 1611 च्या भाषांतरकारांनी कोणते इंग्रजी शब्द निवडले तेवढेच तो मोजतो. किंग जेम्सने लूक आणि करिंथकर येथे एक शब्द वापरला, कृत्यांत दुसरा. त्यावरून ‘या क्रियापदाला दोन अर्थ आहेत’ असा निष्कर्ष काढणे चूक. पान खाली सरकवून थेयरपर्यंत जायलाच हवे.

उच्चाराबद्दल थोडे आडवळण. स्ट्राँगने दिलेला उच्चार इंग्रजी जिभेसाठी आहे: ‘किन-डू-न्यू-ओ’. मराठी माणसाने त्याची नक्कल करायचे कारण नाही. ग्रीक डेल्टाला आपला दंत्य ‘द’ इंग्रजी ‘ड’पेक्षा कितीतरी जवळचा आहे. विद्यापीठी पद्धतीने ‘किन्दुनेउओ’ म्हणावे. आजचे ग्रीक लोक ‘किन्दिनेवो’च्या जवळचा उच्चार करतात. दोन्ही चालतात, पण वर्गात एकच धरून राहावे.

थेयरचा कोश 1886 चा, पाया जर्मन विद्वान ग्रिम यांचा. या शब्दापुरते बोलायचे तर एवढ्या थोड्या ओळींत इतके काम दुसऱ्या कोणत्याही मोफत कोशाने केलेले नाही. नोंद जेमतेम काही ओळींची आहे, पण चारही वचने दिली आहेत आणि कृत्यांतल्या दोन्ही ठिकाणी धातुरूपासकट पूर्ण शब्दसमूह उचलून त्याचा अर्थ वेगळा सांगितला आहे. म्हणजे आपल्या कसोटीला तो उतरतो. नोंदीच्या शेवटी असलेल्या फुलीकडे लक्ष द्यावे. थेयरमध्ये ती खूण असली की नव्या करारातली सगळी स्थळे नोंदीत आली असे समजायचे. फुली नसेल तर यादी अपुरी आहे.

मर्यादा वयाची आहे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसवरच्या पत्रांनी, अर्जांनी आणि पावत्यांनी नव्या कराराची ग्रीक समजण्याची रीत बदलली, आणि ते काम थेयरनंतर जोरात आले. ती उणीव भरून काढायला मूल्टन आणि मिलिगन यांचा शब्दसंग्रह आहे, 1914 पासून भागाभागाने आलेला आणि 1930 मध्ये एका खंडात बांधलेला. तो संपूर्ण कोश नाही, नुसता उदाहरणांचा साठा आहे. थेयरच्या शेजारी ठेवायला उत्तम, एकट्याने वापरायला नाही.

आता स्टेप बायबल. केंब्रिजच्या टिंडेल हाउस या संशोधनसंस्थेचे हे मोफत साधन. संगणकावर उतरवून इंटरनेटशिवायही चालते, त्यामुळे गावोगावच्या अभ्यासवर्गांना फार उपयोगी. मोफत साधनांत एकच निवडायचे असेल तर हे निवडावे. शब्दावर टिचकी मारली की बाजूच्या चौकटीत मूळ रूप, व्याकरण, छोटा अर्थ आणि मोठा कोश दिसतो. छोटा अर्थ अॅबट-स्मिथ यांच्या 1922 च्या कोशावर आधारलेला आहे, मोठा कोश लिडल आणि स्कॉट यांचा.

व्याकरणाची ओळ हे स्टेपचे खरे बळ. लूक 8:23 मध्ये मजकुरातले रूप ‘एकिन्दुनेउओन’ आहे. सुरुवातीचा ‘ए’ ही भूतकाळाची खूण. छापील कोशात हा शब्द ‘ए’खाली शोधला तर कधीच सापडणार नाही, ‘क’ म्हणजे काप्पाखालीच जावे लागेल. स्टेप हे काम स्वतः करते आणि वर सांगते: अपूर्ण भूतकाळ, कर्तरी, तृतीय पुरुष, अनेकवचन. या एका ओळीत मोठा ऐवज आहे. शेजारचे ‘भरत होते’ हेही अपूर्ण भूतकाळातच आहे. म्हणजे लूक एका क्षणाचे चित्र काढत नाही. पाणी भरत चालले होते आणि त्याबरोबर धोका वाढत चालला होता, अशी दोन क्रियापदे एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. गंमत अशी की ‘भरत होते’चा कर्ता ग्रीकमध्ये मचवा नाही, माणसे आहेत. मार्क 4:37 मध्ये मचवा भरतो, मत्तय 8:24 मध्ये मचवा लाटांनी झाकला जातो. ‘ते धोक्यात होते’ हे वाक्य तिघांपैकी एकटा लूक लिहितो. तीन वचने स्टेपमध्ये शेजारी शेजारी स्तंभांत उघडली की हे पाच मिनिटांत कळते. गालील सरोवर समुद्रसपाटीपासून 200 मीटरहून अधिक खाली, डोंगरांच्या कुशीत आहे, त्यामुळे लूकने वादळ ‘उतरले’ म्हटले ते अगदी चपखल.

इफिसच्या प्रसंगात स्टेपचा शब्दशोध आणखी कामाला येतो. 2793 वर शोध लावला की कृत्यांच्या 19 व्या अध्यायातली दोन वचने एकाखाली एक येतात, आणि लेखकाची कारागिरी दिसते. दंगल पेटवताना देमेत्रिय, अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे करणारा कारागीर, म्हणतो की आपला हा धंदा बदनाम होण्याचा धोका आहे. दंगल शांत करताना नगराचा लेखनिक तेच क्रियापद, तीच रचना वापरून त्याला उत्तर देतो: धोका आहे तो आपल्यावरच आजच्या दंगलीचा आरोप येण्याचा. प्रकरण ज्या शब्दाने उघडले त्याच शब्दाने मिटले. किंग जेम्सने दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द ठेवून हा दुवा जपला आहे, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. प्रवाही भाषांतर करताना एका ठिकाणी ‘धोका’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘शक्यता’ असे घातले की दुवा तुटतो.

आणखी एक धागा. करिंथकरांस पहिले पत्र पौलाने इफिसमध्ये असताना लिहिले, ते 16:8 वरून स्पष्ट होते. म्हणजे या क्रियापदाच्या चारांपैकी तीन जागा इफिसशी जोडलेल्या आहेत. 15:30 मधला ‘घटकोघटकी’ धोका हा उपदेशासाठी रंगवलेला नाही. दोन वचनांनंतर पौल इफिसमधल्या श्वापदांशी लढण्याचा उल्लेख करतो. कोणताही कोश हे सांगत नाही आणि सांगावे अशी अपेक्षाही नाही. पण चार वचने एका पडद्यावर आणून देणारे साधन हातात असले की वाचकाला ते स्वतः दिसते.

स्टेपचे उणे इतकेच की एका चौकटीत फार माहिती कोंबलेली आहे. नवखा माणूस लांबलचक कोशनोंद पाहून बिचकतो. पहिल्या आठवड्यात फक्त तीन गोष्टी वाचाव्यात: मूळ रूप, व्याकरणाची ओळ, वचनांची यादी. मोठा कोश नंतर.

तो मोठा कोश म्हणजे लिडल आणि स्कॉट. पहिली आवृत्ती 1843 ची, आज वापरतात ती नववी, 1940 मध्ये पूर्ण झालेली. शिकागो विद्यापीठाच्या लोगेऑन या मोफत संकेतस्थळावर तो सर्वांत नीटनेटका वाचता येतो. स्टेपमधून शब्दाचे मूळ रूप उचलून लोगेऑनच्या चौकटीत चिकटवायचे, बस. हा बायबलचा कोश नाही, होमरपासूनच्या साऱ्या ग्रीक वाङ्मयाचा आहे. नव्या करारातली उदाहरणे त्यात मोजकीच. पण किन्दुनेउओचा पूर्ण पसारा इथेच उलगडतो. आधी ‘धोका पत्करणे, धाडस करणे’. मग धातुरूपासह ‘अमुक होण्याचा धोका असणे’. आणि त्यातूनच पुढे ‘अमुक असण्याचा संभव आहे’. प्लेटोच्या लेखनात सॉक्रेटिस आपल्या बचावाच्या भाषणात म्हणतो की खरा शहाणा देवच असावा. तिथे ‘असावा’साठी हेच क्रियापद आहे. संवादांत तर नुसते ‘किन्दुनेउएइ’ एवढेच उत्तर येते, म्हणजे ‘तसे दिसते खरे’. धोक्याचा लवलेशही तिथे नाही.

इथे सावधगिरी हवी. लिडल-स्कॉटमध्ये पाचवा-सहावा अर्थ दिसला की तो उचलून बायबलात बसवायचा मोह होतो: ‘मूळ ग्रीकमध्ये याचा अर्थ केवळ शक्यता असाही आहे, म्हणजे पौल फारसा धोक्यात नव्हता.’ हे साफ चूक. शक्यतेचा अर्थ धातुरूपाच्या रचनेतून येतो आणि पहिल्या करिंथकरांत धातुरूपच नाही. आणि जिथे धातुरूप आहे त्या इफिसच्या दोन वचनांतही जे घडू पाहते आहे ते वाईटच आहे, नाचक्की आणि आरोप. म्हणून तिथे ‘धोका’ हाच अर्थ टिकतो. कोश अर्थांचे कपाट दाखवतो. कोणता खण उघडायचा ते वाक्य ठरवते.

जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, म्हणजे सप्ततीत, हे क्रियापद पाहिल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही. नव्या कराराचे लेखक त्याच ग्रीकवर वाढले होते. तिथे तीन स्थळे जरूर उघडावीत. उपदेशक 10:9: लाकडे फोडणारा त्यांच्यामुळेच धोक्यात येतो. दानीएल 1:10: राजवाड्यातला अधिकारी म्हणतो की माझी मान धोक्यात येईल. यात एक खड्डा आहे. दानीएलाची दोन ग्रीक भाषांतरे आहेत, आणि हे क्रियापद जुन्या भाषांतरात आहे, थियोदोतियोनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतरात नाही. साधनात दुसरेच उघडलेले असेल तर शब्द सापडत नाही आणि कोश खोटा वाटतो. असाच घोटाळा स्तोत्रांत होतो. ‘अधोलोकाचे धोके’ हा नामाचा सुंदर वापर आपल्या बायबलात 116:3 आहे, सप्ततीच्या क्रमांकात 114:3.

तिसरे स्थळ योना 1:4, आणि मराठी वाचकाला ते सगळ्यांपेक्षा जवळचे वाटेल. हिब्रूत शब्दशः असे आहे की तारवाने फुटायचे ‘मनात आणले’. निर्जीव तारू विचार कसे करील? ग्रीक भाषांतरकारांनी ते किन्दुनेउओ आणि धातुरूप वापरून सोडवले: तारू फुटण्याच्या धोक्यात होते. आता मराठीकडे पाहा. ‘तारू फुटायच्या बेतात होते.’ बेत म्हणजे मनातली योजना, आणि ‘बेतात असणे’ म्हणजे होऊ घातलेले असणे. ग्रीकला जो शब्द बदलून घ्यावा लागला, तो हिब्रूचा खेळ आपल्या भाषेत जसाच्या तसा बसतो. वर ‘जिवावर बेतणे’ आहेच. कोशांचे परीक्षण करताना मराठीचा कोशही हाताशी हवा तो यासाठी. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्याच दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोफत शोधता येतो. एकाच विद्यापीठाच्या दोन खिडक्या उघडल्या की ग्रीक आणि मराठी समोरासमोर येतात.

शब्दनिवडीत मराठीची अडचण वेगळी आहे. ‘संकट’ हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. पण संकट आलेले असते, धोका यायचा असतो. रोमकरांस 8:35 मध्ये सात गोष्टींची यादी आहे आणि किन्दुनोस त्यात सहावा, तलवारीच्या लगेच आधी. यादीच्या सुरुवातीला क्लेश आणि संकट या अर्थाचे शब्द येऊन गेलेले असतात. सहाव्या जागी पुन्हा ‘संकट’ घातले की यादी एका पायरीने लहान होते. ‘जोखीम’ वाईट नाही, पण ती माणूस पत्करतो. पहिल्या करिंथकरांत ती छटा बसेल, कारण पौल स्वतःहून त्या वाटेने चालला आहे. लूकच्या मचव्यात बसलेल्यांनी काही पत्करले नव्हते, तिथे ‘जीव धोक्यात होता’ हेच बरे. हिंदी साधने वापरणाऱ्यांनी ‘धोखा’पासून दूर राहावे. हिंदीत त्याचा अर्थ फसवणूक होतो आणि घाईत मराठी ‘धोका’ शोधताना भलतीच वचने हाती येतात.

भाषांतर करणाऱ्यांसाठी लो आणि नायडा यांचा 1988 चा कोश. तो वर्णक्रमाने नसून 93 अर्थक्षेत्रांत मांडलेला आहे, आणि धोका, जोखीम, सुरक्षितता, बचाव हे सगळे 21 व्या क्षेत्रात एकत्र येतात. एका शब्दाचे अनेक अर्थ शोधायला तो नाही. एका अर्थाचे अनेक शब्द शेजारी पाहायला आहे. किन्दुनेउओजवळच जिवाची बाजी लावण्याचे इतर प्रयोग दिसतात आणि प्रत्येकाला वेगळा मराठी शब्द द्यायचा की नाही, हे ठरवता येते. भाषांतरसमितीत नसाल तर विकत घ्यायची गरज नाही.

बाउर-डॅन्कर यांचा मोठा कोश, शिकागो विद्यापीठाची 2000 सालची तिसरी इंग्रजी आवृत्ती, हा नव्या कराराच्या ग्रीकचा आजचा प्रमाण कोश. रचना, समकालीन उदाहरणे, आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांतले वापर, सगळे एका जागी. तो महाग आहे आणि ग्रीक अक्षरे व संक्षेप वाचता आल्याशिवाय त्याचा निम्माही उपयोग होत नाही. सेमिनरीच्या ग्रंथालयात तो असावाच. घरी घ्यायचा तर एक वर्ष ग्रीक शिकल्यानंतर घ्यावा. किन्दुनेउओसारख्या सरळ शब्दासाठी थेयर, स्टेप आणि लोगेऑन यांनी मिळून जे दिले त्यापेक्षा फार जास्त तिथे हाती लागत नाही. तो खरा उपयोगी पडतो तो वादग्रस्त शब्दांवर.

शेवटची कसोटी नामाची, दुसरे करिंथकर 11:26. स्ट्राँगमध्ये इथे 2794 हा क्रमांक एकाच वचनात आठ वेळा दिसतो आणि आठही सारखेच वाटतात. स्टेपमध्ये प्रत्येक ‘धोका’नंतरच्या शब्दाचे व्याकरण वाचत गेले की तीन गट वेगळे होतात. पहिले दोन षष्ठीत: नद्यांचे धोके, लुटारूंचे धोके. पुढचे दोन ‘कडून’ अशा अर्थाच्या शब्दयोगी अव्ययाने: स्वजातीयांकडून, परजातीयांकडून. शेवटचे चार ‘मध्ये’च्या अर्थाने: नगरात, रानात, समुद्रावर, खोट्या बंधूंमध्ये. मराठीच्या विभक्ती हे तिन्ही गट काहीही न सांडता उचलू शकतात, आणि मोठ्याने वाचले की ‘खोट्या बंधूंमध्ये’ हे नगर, रान आणि समुद्र यांच्या रांगेत एखाद्या ठिकाणासारखे उभे राहते.